ओव्हरक्लॉकसाठी टॉवर एअर कूलर की एआयओ? दोन्ही वापरून झाल्यावर

रायझन ७ ५८००एक्स (एएमडीचा आठ कोरचा प्रोसेसर) घेतलाय, पीबीओ (प्रोसेसरला आपोआप जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, म्हणजे ओव्हरक्लॉकच) चालू केलंय आणि आता टॉवर कूलर (नुसत्या हवेवर चालणारा, फॅनवाला) लावू की २४० एमएम रेडिएटरचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर असलेला सीलबंद पाण्याचा कूलर), इथे ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही वापरलेत, त्याच प्रोसेसरवर आणि त्याच कॅबिनेटमध्ये, आधी अडीच वर्षं एआयओ आणि आता सव्वा वर्ष झालं डीपकूलचा एके६२० हा टॉवर.

आधी प्रोसेसरचंच सांगतो, कारण अर्धी गोम तिथे आहे. याचे आठही कोर एकाच चिपलेटवर (सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यावर) आहेत, जागा जेमतेम ८० चौरस मिलिमीटर, आणि स्टॉकलाच (सेटिंग काही न बदलता) १४२ वॅटपर्यंत ओढतो, म्हणजे उष्णता एवढ्याशा जागेतून वर यायलाच अडते, मग वर पाणी फिरतंय की नुसत्या हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या टॉवरमधल्या नळ्या) आहेत याने वाटतो तेवढा फरक पडत नाही. जानेवारीत सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) अर्धा तास चालवलं की एआयओवर ८० डिग्रीच्या आसपास दिसायचं, एके६२० वर ८३-८४. माझ्या खोलीतले आकडे आहेत हे, तुमचे थोडे इकडेतिकडे येतील.

मे महिन्यात मात्र नागपुरात दुपारी खोलीच ३८ ला असते. खोली दहा डिग्री वर गेली की प्रोसेसर पण साधारण तेवढाच वर जातो, आणि खोलीच्या तापमानाखाली यातला कुठलाच कूलर नेत नाही, त्यामुळे तेव्हा दोन्हींवर प्रोसेसर त्याच्या ९० डिग्रीच्या लिमिटला टेकला आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) थोडा उतरला. (डेझर्ट कूलरच्या दमट हवेने एआयओवर बाहेरून दव धरून पाणी सुटेल का असं बरेच जण विचारतात, नाही सुटत, त्याच कारणाने.)

एआयओचं एक खरंच आवडायचं, पाणी तापायला वेळ लागतो म्हणून दोन-चार सेकंदांच्या लोडला फॅन दचकत नाहीत. टॉवरवर साधा ब्राउझर उघडला तरी फॅन घुंऽऽ करून वर जायचे, ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅनचा स्टेप-अप टाइम (वेग वाढवायला फॅन घेतो तो वेळ) वाढवून शांत केलं.

पण माझा निर्णय झाला तो आवाजामुळे. दुसरं वर्ष संपता संपता एआयओ गुळगुळ करायला लागला. रेडिएटर वरती होता, पंप खाली, म्हणजे बसवण्यात काही चुकलं नव्हतं, पण नळ्यांमधून वर्षानुवर्षं पाणी थोडं थोडं उडतं, आत हवा साठते आणि सीलबंद असल्यामुळे वरून भरता येत नाही. कॅबिनेट तिरपं करून बुडबुडा रेडिएटरमध्ये ढकलायचा, आठ-दहा दिवस शांत, मग पुन्हा तेच. मी रात्री रेंडर लावून ठेवतो आणि आई त्याच खोलीत झोपते. एकदा दीड वाजता ती उठली, "नळ चालू राहिला का रे?" म्हणत दोनदा मोरी बघून आली, आणि नळ बंदच होता. वॉरंटीत विचारलं तर टेंपरेचर नॉर्मल आहे, बदलून मिळणार नाही. त्यांच्या नियमात ते बसतही असेल, पण त्या आवाजात माझी आई झोपू शकत नव्हती.

एके६२० मध्ये बिघडण्यासारखे दोन फॅनच, १२० एमएमचे, कुठल्याही दुकानात मिळतात. दर दोन महिन्यांनी ब्रश मारून धूळ काढतो, बस.

हां, १२-१६ कोरवाला प्रोसेसर असेल आणि दिवसभर फुल लोड असेल तर ३६० एमएमचा एआयओ घेऊ नका असं मी म्हणणार नाही, तिथे त्याचं काम आहे. आठ कोरपर्यंत मात्र मला तरी टॉवरच बरा वाटतो. आणि कूलरवर पैसे घालण्याआधी कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोरचं व्होल्टेज कमी करायचं बायोसमधलं सेटिंग) ऑल कोर निगेटिव्ह १५ टाकून बघा, माझ्याकडे त्यानेच पाच-सहा डिग्री उतरले, म्हणजे कूलर बदलून जो फरक पडला त्यापेक्षा जास्त. मशीन अडकली तर निगेटिव्ह १० वर या. एके६२० ची उंची १६० एमएम आहे, तेवढं कॅबिनेटमध्ये मोजून मगच ऑर्डर करा.