आठ महिने, पाच फेऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचा हॉल

लॉजचं नाव लिहीत नाही. मॅनेजर आता आम्हाला आवाजावरून ओळखतो आणि नोव्हेंबरात परत तिथंच उतरायचंय. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापासून चालत सात-आठ मिनिटं, खाली दुकानं, वर तीन मजले, एवढं सांगितलं तरी पुरे. अशी लॉजं तिथं बरीच आहेत.

आम्ही चौघी शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलमधल्या. आता एक रत्नागिरीला, एक बेळगावला, एक सोलापूरला आणि मी पुण्यात. मुलं हाताबाहेर, म्हणजे शिकायला बाहेर गेल्यावर ठरवलं, की दीड-दोन महिन्यांनी दोन रात्री कोल्हापुरात भेटायचं. माणशी रात्रीला पाचशेच्या वर जायचं नाही, हा नियम सोलापूरवालीचा. ती बँकेत आहे, तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

पहिली फेरी 31 जानेवारीला. चार खाटांची खोली फोनवर ठरवली होती, ॲडव्हान्सही पाठवला होता. पोचलो तर खोली दुसऱ्यांना दिलेली. किरणोत्सव! मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, रोज थोडी वर चढत तिसऱ्या दिवशी देवीच्या चेहऱ्यापर्यंत पोचतात. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला. या गावात शिकलेल्या चौघींपैकी एकीलाही तारीख आठवली नाही, त्याला मॅनेजर काय करणार. (ॲडव्हान्स मात्र त्यानं न विसरता घेतला होता.) संध्याकाळी देवळात गेलो, तर किरणांऐवजी पुढच्या माणसाची पाठ बघून आलो.

"जेंट्स कोण हाय सोबत?" असंही त्यानं विचारलं. बेळगाववाली म्हणाली, "सामान वर न्यायला तुम्ही आहात की." त्यानं नेलं.

वर म्हणजे 'हॉल'. सहा लोखंडी खाटा, कोपऱ्यात जादा गाद्यांची चळत आणि खिडकीखाली चपला करणाऱ्यांचं पत्र्याचं शेड. चामड्याचा आणि तेलाचा वास पहिल्या रात्री नाकात बसतो, दुसऱ्या रात्री कळत नाही. घरी गेल्यावर बॅग उघडली की परत कळतो. सकाळी आठला ठोकाठोकी सुरू. अलार्म लावायची गरज नाही.

बाथरूमच्या कडीबद्दल सविस्तर लिहायला हवं. जानेवारीत कडीच नव्हती. दाराला पाण्यानं भरलेली बादली टेकवून आत गाणं म्हणत राहायचं, अशी पद्धत पडली. मार्चमध्ये कडी आली, पण ती अडकवायला चौकटीवर कोयंडा नाही. जुलैत कोयंडाही आला, तर पावसानं दार फुगलं होतं, ते मिटेचना. सप्टेंबरात सुताराकडून दार तासून घेतलेलं दिसलं. इतकं तासलं, की कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. बादली आहेच.

गरम पाणी सोलरचं, 6 ते 8. टाकी डोक्यावरच असल्यानं हॉलला ते सगळ्यांच्या आधी मिळतं, ही या जागेची मोठी जमेची बाजू. जुलैत मात्र नाव नको. तक्रार करायला खाली गेले तर मॅनेजरनं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगितली. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. पावसाळ्यात कोल्हापूरकर तब्येत विचारावी तसे फूट विचारतात. 2019 आणि 2021 ला हायवे पाण्याखाली गेला होता, ते आठवून बेळगाववाली एक दिवस आधीच एसटीत बसली. गार पाण्याचा विषय तिथंच मिटला.

रात्री 11 ला शटर बंद. मार्चमध्ये रंकाळ्यावर बसलो आणि सव्वाअकरा झाले. फोन केल्यावर अर्धं शटर वर झालं, त्याखालून वाकून आत. रत्नागिरीवालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती आधी बसली, मग सरकली. हॉस्टेलमध्ये उशीर झाला की रेक्टर मॅडमसमोर जसं हसू दाबायचो, तसंच दाबत तीन जिने चढलो. झोपलो अडीचला.

मे महिन्यातली चूक माझी. उकाड्याचं कारण सांगून दुसऱ्या हॉटेलात दोन एसी खोल्या घ्यायला लावल्या. पांढऱ्याशुभ्र चादरी, कडी लागणारं दार, सगळं होतं. जेवून आलो, दोघी-दोघी आपापल्या खोलीत गेलो. साडेदहाला इंटरकॉमवर "झोपलात का गं?" एवढं झालं आणि खरंच झोपलो. सकाळी सोलापूरवालीनं बिल हातात धरून सगळ्यांकडे फक्त पाहिलं. जुलैत परत हॉल.

जाणाऱ्यांसाठी: चादर आणि उशीचा अभ्रा घरून न्या. पैसे द्यायच्या आधी बाथरूम बघा. चेकआउट 24 तासांचं की सकाळी 10 चं, हे तोंडानं विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही, अर्ध्या दिवसाचं भाडं गेलं. शनिवारी दर वाढतो, भांडून थोडा उतरतो. लॉजमध्ये खायला काही मिळत नाही, ते बरंच आहे. सकाळी मिसळ आणि ब्रेड, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. रत्नागिरीवाली मासे सोडून दुसऱ्या कशाला जेवण म्हणत नाही, पण पांढरा रस्सा तिनं चार वेळा मागितला.

नोव्हेंबरचं बुकिंग झालंय. या वेळी किरणोत्सव धरूनच, 9 तारखेला. हॉल दुसऱ्या कुणाला देणार नाही असं मॅनेजरकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतलंय. खाली त्यानं स्वतःहून आणखी एक ओळ टाकली: "कडीचं बघतो."