तळ्याकाठचं तण: फवारणी की मजूर?

घोडबंदर रोडला, खारघरला, नेरुळला बऱ्याच सोसायट्यांत छोटी तळी आहेत. पावसाळा लागला की कमिटीपुढे काठावरच्या तणाचा विषय येतोच. आमच्या सोसायटीत दोन्ही प्रकार करून झाले आहेत. तळ्यात मासे नसतील तर तुमचा निर्णय सोपा आहे. पुढचं सगळं मासे असणाऱ्यांसाठी.

फवारणीची बाजू कमकुवत नाही. एक माणूस, पाठीवर पंप, सकाळीच काम उरकतं. लव्हाळा कोयत्याने कितीही कापला तरी पुन्हा उभा राहतो. ग्लायफोसेट हे तणनाशक मुळांपर्यंत जातं. माशांच्या दृष्टीनेही हे रसायन एकटं असेल तर इतर काही तणनाशकांपेक्षा सौम्य मानलं जातं. अडचण बाटलीतल्या जोडीदाराची आहे. औषध पानात शिरावं म्हणून त्यात साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं. पीओईए हे त्यातलं जुनं द्रव्य माशांच्या कल्ल्यांना इजा करतं, आणि ग्लायफोसेटपेक्षा कितीतरी जास्त विषारी आहे. 2,4-डी हे दुसरं तणनाशक घेणार असाल तर त्याचा एस्टर प्रकार तळ्यापासून लांबच ठेवा. अमाइन मीठ हा त्याचा दुसरा प्रकार त्या मानाने बरा. शिवाय ठाण्याच्या जुलैत फवाऱ्यानंतर सहा कोरडे तास मिळणार कुठून? सर आली की औषध थेट पाण्यात.

तरीही माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणाने. मेलेलं तण शेवटी काढावंच लागतं! ते पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, पाण्यात आडवं होतं आणि हाताला बुळबुळीत लागतं. म्हणजे मजूर टळत नाहीतच. आणि तोवर ते पाण्यात कुजत असतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खात असतं. रात्री वनस्पती आणि शेवाळही ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटे पाणी सर्वांत वाईट असतं. त्या वेळी काठावर उभं राहून पाहा. रोहू आणि कटला वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात, कारंज्याचं पाणी पडतं तिथे गर्दी करतात. मरळ मात्र निवांत असते, कारण ती हवेतून श्वास घेऊ शकते. तेव्हा मरळ ठणठणीत दिसते म्हणून पाणी चांगलं आहे असं धरू नका.

मजुरांचं काम महाग पडतं, पावसाळ्यात पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि गवतात विरोळा (पाणसाप) निघाला की काम थांबतं. गमबूट द्यावेच लागतात. पण उपटलेलं तण त्याच दिवशी काठावरून उचललं जातं. थोडं हिरवं एका कोपऱ्यात राखायलाही सांगता येतं. माशांची पिल्लं तिथेच लपतात.

एक सरकारी मुद्दाही आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत व्हावा अशी अधिसूचना काढली. माळीकाकांच्या हातात बाटली देण्याआधी कमिटीने हे पाहावं.

तुमचं तळं मोठं असेल, मजूर मिळत नसतील, तर तुमचं गणित वेगळं असू शकतं. फवारायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर, पाण्यापासून दूरच्या पट्ट्यातच फवारा, आणि वाळलेलं तण पाण्यात पडण्याआधी उचला. काठाला लागून मात्र मी तरी कोयता आणि खुरपंच वापरेन.