जुन्या बँकेचं नवं क्रेडिट कार्ड: ॲप, एजंट आणि एफडी, तिन्हींची पारख

ज्या बँकेनं एकदा खातं बंद केलं, तिच्याकडेच क्रेडिट कार्ड मागायचं तर मुंबईत तीन वाटा दिसतात: बँकेचं ॲप, मॉलमध्ये टेबल मांडून बसलेला एजंट, आणि शाखेत जाऊन एफडीवर, म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून, घेतलेलं कार्ड. आमची पसंती एफडीला. ॲप सगळ्यात शेवटी. यात कार्डाच्या पॉइंट्सचा किंवा लाउंजचा काही संबंध नाही, सगळी गोम जुन्या कस्टमर आयडीत, म्हणजे बँकेनं दिलेल्या ग्राहक क्रमांकात, आहे.

खातं बंद झालं म्हणून कस्टमर आयडी पुसला जात नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार व्यवहार संपल्यावरही बँकेला ओळखीची कागदपत्रं पाच वर्षं जपावी लागतात. ॲपमध्ये पॅन टाकला की यंत्रणा जुना आयडी शोधून काढते, ‘तुम्ही आमचे ग्राहक आहात’ म्हणते आणि ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर धाडते. तो नंबर आज भलत्याच माणसाकडे असू शकतो. तिथून निभावलं तरी पुढे ‘अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही’ असा एका ओळीचा निरोप येतो, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, बँकेनं चौकशी केल्याची नोंद तेवढी राहून जाते.

सिबिल स्कोर ७८० आहे, मग अडचण काय, असं पुष्कळांना वाटतं. पण सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स किंवा क्रिफ हाय मार्कच्या अहवालात कर्ज आणि कार्डं दिसतात. बचत खातं बंद झाल्याची नोंद तिथे नसते. ती बँकेच्या स्वतःच्या दप्तरात असते. विलीनीकरणाचा घोळ आणखी वेगळा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक २०२० मध्ये युनियन बँकेत, आणि सिटीचा भारतातला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय २०२३ मध्ये ॲक्सिसकडे. आपण नव्या बँकेत चाललोय असं वाटतं, पण दप्तर तेच असू शकतं.

म्हणून अर्जाआधी शाखेत एक फेरी मारा. शक्यतो जिथे खातं होतं त्याच शाखेत, महिन्याची सुरुवात टाळून. पॅन, आधार, जुनं पासबुक किंवा रद्द चेक आणि एक साधा अर्ज: खातं कोणत्या कारणानं बंद झालं ते कळवा, काही बाकी असल्यास सांगा, नसल्यास नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र द्या, मोबाइल नंबर आणि पत्ता बदला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी ‘हो जाएगा’ला काही किंमत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स सोबत ठेवा. विजेचं किंवा महानगर गॅसचं बिल तुमच्याच नावाचं आणि दोन महिन्यांच्या आतलं हवं; घरमालकाच्या नावाचं बिल हमखास परत येतं.

पुढचं सगळं खातं बंद होण्याच्या कारणावर ठरतं. केवायसी राहिली किंवा खात्यात पैसेच नव्हते म्हणून बंद झालं असेल, तर प्रकरण सहसा कागदांवर मिटतं. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावत बचत खातं उणे करायला रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१५ पासून मनाई केली आहे. तशी ‘बाकी’ दाखवली तर भरण्याआधी हिशोब लेखी मागा. ओव्हरड्राफ्ट किंवा जुन्या कार्डाची थकबाकी असेल तर मात्र पूर्ण भरा. तडजोड करून कमी रक्कम भरली की अहवालात ‘सेटल्ड’ येतं, आणि त्या शेऱ्यावर नवं कार्ड मिळणं फार कठीण. १९३० या सायबर हेल्पलाइनवरच्या तक्रारीमुळे खातं गोठलं असेल तर तक्रार हाताळणाऱ्या पोलिसांचं ना-हरकत पत्र लागतं. आणि व्यवहार संशयास्पद वाटल्याचा अहवाल बँकेनं सरकारी यंत्रणेला दिला असेल, तर ते ग्राहकाला सांगायला कायद्यानंच बंदी आहे. अशा वेळी मॅनेजरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, दुसरी बँक बघावी.

मॉलमधल्या एजंटाबद्दल थोडक्यात: त्याला बँकेचं आतलं दप्तर दिसत नाही, आणि एकाच कागदावर तो तीन बँकांचे अर्ज भरून मोकळा होतो. तीन अर्ज म्हणजे तीन चौकश्या.

एफडीवरच्या कार्डात बँकेचा धोका एफडीनं झाकलेला असतो, म्हणून जुना शेरा किरकोळ असेल तर इथे तो सहसा आड येत नाही. मर्यादा एफडीच्या साधारण ७५ ते ९० टक्के. २५,००० रुपयांवर ९० टक्क्यांनी २२,५०० मिळतात. स्कोर सुधारायचा तर दरमहा सात हजारांच्या आत खर्च ठेवा. एफडीवर व्याज चालूच राहतं, पण लियन, म्हणजे ठेवीवर बँकेचा हक्क, लागतो आणि कार्ड बंद होईपर्यंत रक्कम मोडता येत नाही. करबचतीची पाच वर्षांची एफडी चालत नाही, ती तारण ठेवताच येत नाही. संयुक्त नावाची एफडीही बऱ्याच ठिकाणी परत करतात. बिल थकलं तर बँक एफडीतून वसूल करतेच, शिवाय उशिराची नोंदही सिबिलला जाते. एफडी आहे म्हणून बिनधास्त राहणारे इथेच फसतात. एक बारीक गोष्ट: एसबीआय कार्ड ही स्टेट बँकेहून वेगळी कंपनी आहे. तिच्या उन्नती कार्डाला किमान २५,००० ची एफडी लागते, ती मात्र स्टेट बँकेतच.

अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी देणं बँकेला बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत ते स्पष्ट आहे. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमकं कारण नव्हे. आधी बँकेच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. शुल्क नाही, वकील लागत नाही. कार्ड द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. तेव्हा तक्रारीत ‘कार्ड मिळावं’ असं लिहू नका. नाकारल्याचं कारण लेखी मिळावं आणि बंद खात्याचं नो ड्यूज पत्र मिळावं, एवढ्या दोनच मागण्या ठेवा, आणि शाखेत दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत सोबत जोडा.