चिंचिलाच्या नावाखाली २१,५०० रुपये गेले, सोलापूरकरांनो जरा वाचा

लिहू का नको करत दोन महिने काढले. घरचे म्हणतात गेले ते गेले, आता गावभर कशाला सांगतोस. पण परवा आमच्या मित्राच्या मुलाने त्याच प्राण्याचा व्हिडिओ मला दाखवला आणि "काका हे घ्यायचंय" म्हणाला, तेव्हा ठरवलं की लिहायचंच.

मुलगी सातवीत आहे. तिचा हॅमस्टर होता, दोन वर्षांनी गेला. हॅमस्टर तेवढाच जगतो, दोन ते तीन वर्षं, हे आम्हाला नंतर कळलं. पोरगी आठवडाभर नीट जेवली नाही. मग तिनेच शोधून काढलं की चिंचिला म्हणून एक प्राणी असतो, उंदीर-खारीच्याच जातीतला, आणि तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. हे खरंय. म्हणजे मी काही हौसेला पैसे उडवायला गेलो नव्हतो, लेकरासाठी गेलो होतो, हे आधीच सांगतो कारण ज्याला त्याला तेच बोलायचं असतं.

सोशल मीडियावर एक जण सापडला, पुण्याचा ब्रीडर म्हणून. पेअर १६,५०० ला. मराठी एकदम गोड, प्रत्येक वाक्यात दादा. आधी बुकिंगचे ४,००० गेले. मग गाडीभाडं ३,५००. मग म्हणाला थंड पेटीतून पाठवावं लागतं, डिपॉझिट ७,८००, पेटी परत दिली की रिफंड. मग गाडी टेंभुर्णीच्या पुढं अडवलीय, वन्यप्राण्याचा परवाना पाहिजे नाहीतर तुमच्यावर केस होईल, ६,२००. तेपण दिले. पाचव्यांदा १२,००० दंड मागितला तेव्हा बायकोने फोन हातातून घेतला. अॅडव्हान्स घेऊन गायब होणारे लोक मला काय माहिती नव्हते का, सगळ्यांना माहिती असतात. पण एकदा चार हजार अडकले की माणूस त्या चार हजारासाठी पुढचे देत जातो.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. मी वायरमन आहे. एकोणीस वर्षं हेच काम करतोय, जुळे सोलापुरात निम्म्या बिल्डिंगांची फिटिंग माझ्या हातची आहे. त्याने जो व्हिडिओ पाठवला त्यात लाकडी पिंजरा, आत राखाडी चिंचिला, आणि मागच्या भिंतीवर सॉकेट. गोल, आत खोलगट, दोनच भोकं, शेजारी बटण नाही. आपल्याकडे कुठल्या घरात असला पॉइंट असतो? बिनबटणाचा? तो युरोपातला सॉकेट आहे, मी कॅटलॉगमध्ये पाहिलेला आहे. तो व्हिडिओ मी वीस वेळा पाहिला, मुलीला मांडीवर घेऊन पाहिला, आणि मी फक्त त्या प्राण्याचे कान बघत बसलो. आजही कुठं बोर्ड उघडला की ते आठवतं आणि हात थांबतो.

आणि मी विचारलं नव्हतं असंपण नाही. मी सरळ विचारलं, "सोलापूरचं ऊन माहितीय ना, याला चालेल का?" तो म्हणाला, "दादा ही इंडियन ब्रीड आहे, ४५ पर्यंत काही होत नाही, आठवड्यातून एकदा शाम्पूने आंघोळ घाला." इथंच फोन ठेवायला पाहिजे होता. चिंचिला हा अँडीज पर्वतातला, थंड आणि कोरड्या हवेतला प्राणी. एकेका मुळातून पन्नास-साठ केस येतात त्याला, एवढी दाट लोकर, आणि घाम येत नाही. २५-२६ च्या वर गेलं की त्याला उष्माघाताची भीती. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४२ असतं. पाण्याने आंघोळ तर अजिबात घालायची नाही, लोकर आतून वाळत नाही आणि बुरशी धरते, तो खास बारीक धुळीत लोळून अंग साफ करतो. ज्याने एक दिवसपण चिंचिला पाळलाय तो शाम्पू हा शब्द तोंडातून काढणार नाही. हे मला कोणी सांगितलं तर गुरांच्या एका डॉक्टरांनी, सगळं झाल्यावर. ते प्रामाणिकपणे म्हणाले, मी हा प्राणी कधी हाताळलेला नाही, पण तुम्ही चोवीस तास एसी लावणार होता का, आणि लाईट गेल्यावर काय? तेव्हा प्राणी घ्यायच्या आधी डॉक्टर शोधा, नंतर नाही.

तक्रारीचं तर विचारू नका. पहिल्या ठिकाणी तासभर बसवून ठेवलं आणि साहेब म्हणाले, "उंदरासाठी एकवीस हजार?" आणि शेजारच्याला हाक मारून परत सांगायला लावलं. माझे पैसे गेले होते, मी तिथं करमणूक करायला गेलो नव्हतो. तिथून दुसरीकडे पाठवलं, तिथले म्हणाले आधी पहिल्या ठिकाणचा कागद आणा. कागद आणला तर संबंधित माणूस रजेवर. तीन दिवस कामं बुडवली, साईटवरचा मिस्त्री शिव्या घालतोय आणि मी झेरॉक्सच्या दुकानात उभा. बँकेत म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पिन तुमचा, मग आम्ही काय करणार. तीन दिवसांत बँकेला कळवलं तर पैसे परत मिळतात हा रिझर्व्ह बँकेचा नियम मी वाचून गेलो होतो, तो आपल्या नकळत पैसे गेले तर लागू होतो म्हणे. म्हणजे फसवून घेतले तर ते आपल्या मर्जीने दिले असं धरायचं? त्या खात्याचा नंबर आहे, मोबाईल नंबर आहे, आवाजाची रेकॉर्डिंग आहे, अजून काय पाहिजे यांना? शेवटी कोणीतरी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर सांगितला, तोवर चौथा दिवस, पैसे कधीच पुढं गेले होते. पैसे गेल्याचं कळलं की दुसरं काही न करता त्याच मिनिटाला १९३० लावा, चौकीत नंतर जा.

परवान्याचंपण ऐका. ठरावीक परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आलेत, ती नोंदणी आपण स्वतः सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. रस्त्यात गाडी अडवून क्यूआर कोडवर कोणी परवाना देत नाही. आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या नियमाप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, ती दाखवा म्हणा. व्हिडिओ कॉलवर प्राण्याशेजारी तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी धरायला सांगा, माझ्यावाल्याने "नेट नाही दादा" म्हणून दोनदा टाळलं होतं आणि मी ऐकून घेतलं.

चाटी गल्लीतून ३,२०० चा पिंजरा आणला होता तो गॅलरीत तसाच आहे, मुलगी विकू देत नाही.

मित्राच्या मुलाने दाखवला तो हाच व्हिडिओ, नाव दुसरं, भाव १४,००० केलाय, आता कोल्हापूरचा ब्रीडर झालाय. मी खाली लिहिलं तर दोन मिनिटांत ब्लॉक. लाकडी पिंजरा, राखाडी चिंचिला, उजव्या कानाला छोटी चीर, आणि मागं तो बिनबटणाचा गोल सॉकेट. दिसला की एक रुपया पाठवू नका.