गहू वर्ज्य असलेल्यांसाठी एक भोजनालय : देवळी ते कळंब रस्त्यावरचे जेवण

वर्ध्याहून यवतमाळकडे जाताना देवळी मागे पडली, की कळंब येण्याआधी टिनाच्या छपराचे एक भोजनालय लागते. फलकावर ‘घरगुती जेवण, झुणका-भाकर, सावजी रस्सा’ एवढेच लिहिलेले आहे. समोर ट्रक उभे राहतील एवढे मोकळे आवार, कडुनिंबाखाली टाकलेल्या बाजा आणि आत मोजकी टेबले, असा सगळा थाट. या वर्णनात बसणारी भोजनालये या महामार्गावर पावलोपावली आहेत. तरीही याच एका ठिकाणाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ज्याला गव्हाचा कणही चालत नाही अशा माणसाने निर्धास्तपणे जेवावे अशी जागा नोकरीच्या फिरतीत मला ग्रामीण भागात ही एकच मिळाली आहे. नाव मालकांच्या सांगण्यावरून देत नाही. गर्दी वाढली तर चुलीवरच्या मावशींना आवरणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

मला सीलिॲक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत असणाऱ्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. पोटाच्या तक्रारी तर होतातच, पण कित्येकांचा आजार लक्षात येतो तो गोळ्या घेऊनही न हटणाऱ्या रक्तक्षयामुळे. यावर औषध नाही; ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार आहे. पथ्याची सीमारेषाही फार बारीक आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ज्या पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नाही, त्यालाच ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. म्हणजे प्रश्न पोळी न खाण्यापुरता राहत नाही. पोळीच्या पिठाचा हात भाकरीला लागला की नाही, इथपर्यंत तो जातो.

ऐकणाऱ्याला वाटते की विदर्भात यात अवघड ते काय, ज्वारी तर आपलेच धान्य आहे. धान्य आपलेच खरे, पण शिवारात आता कापूस आणि सोयाबीन आहे, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि रस्त्यावरच्या भोजनालयांत भाकर ही रोजची गोष्ट न राहता हौसेची झाली आहे. तिचा दर पोळीपेक्षा जास्त असतो आणि ती करणारा हात अनेकदा सवयीचा नसतो. ज्वारी जुनी झाली किंवा पीठ दळून फार दिवस झाले की भाकर थापताना कडा फाटतात. मग ती सांधून यावी म्हणून त्यात मूठभर कणीक मिसळली जाते. हे कोणी फसवणुकीच्या हेतूने करत नाही, त्यामुळे विचारल्यावाचून कोणी सांगतही नाही. जिथे कणीक मिसळत नाहीत तिथे परात तीच असते, तवा तोच असतो, आणि गावच्या गिरणीत आपल्या ज्वारीच्या आधी कोणाचा तरी गहू दळून गेलेला असतोच. भाकरीवर विसंबून राहणाऱ्याचे नुकसान या तीन जागी होते.

या भोजनालयात या तिन्ही जागा मोकळ्या आहेत, आणि गंमत अशी की त्या पथ्याच्या विचाराने मोकळ्या ठेवलेल्या नाहीत. पोळ्या आत गॅसवर होतात. भाकर मात्र मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर होते, कारण चुलीवरच्या भाकरीसाठी गिऱ्हाईक थांबते हे मालकांना ठाऊक आहे. दळणाचे म्हणाल, तर गावातल्या गिरणीला विजेचा भरवसा नसल्यामुळे त्यांनी घरगुती गिरणी घेतली आणि तीत फक्त ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ दळली जाते. गव्हाचे पीठ पोत्याने तयार विकत येते. चुलीजवळची लाकडी काठवट भाकरीशिवाय दुसऱ्या कशाला वापरलेली मावशींना खपत नाही. मी परवानगी घेऊन पडवीत उभा राहून पाहिले आहे. त्या गरम पाण्यात पीठ मळतात, तळहाताने रेटून रेटून गोळा मऊ करतात, काठवटीत ज्वारीचेच कोरडे पीठ भुरभुरून भाकर थापतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात आणि उलटून झाल्यावर तवा बाजूला सरकवून निखाऱ्यांसमोर उभी करतात. ती फुगते तेव्हा कडेला एकही भेग नसते. ज्या हाताला इतकी भाकर जमते त्याला कणकेची गरज पडत नाही, हे तिथे उभे राहिल्यावर पटते.

म्हणूनच असे पथ्य असणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की ‘यात गहू आहे का’ असे विचारण्यापेक्षा स्वयंपाकघर कसे मांडले आहे ते पाहावे. पहिल्या प्रश्नाला येणारी उत्तरे मनोरंजक असतात. ‘यात गहू नाही जी, मैदा हाये,’ हे उत्तर मी अनेक ठिकाणी, पूर्ण प्रामाणिक चेहऱ्याने दिलेले ऐकले आहे. रवा, दलिया आणि शेवया यांनाही गव्हाच्या वंशातून असेच वगळले जाते. इथेही मालकांनी आधी मला ‘भाऊ, साखर हाये का तुम्हाले?’ असेच विचारले, कारण भाकर मागून घेणारा आणि पोळीला हात न लावणारा माणूस म्हणजे मधुमेही, हा आता सर्वांचाच समज आहे. फरक असा की मधुमेह्याच्या भाकरीत चिमूटभर कणीक गेली तर मोठेसे बिघडत नाही, माझे बिघडते. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी मावशींना हाक मारली आणि पुढचे बोलणे त्यांच्याशीच झाले. मावशींनी ते एका वाक्यात आटोपले : ‘म्हंजे उपासासारखंच पायाचं, खरकटं लागू द्याचं नाही.’ कोणत्याही आहारतज्ज्ञाला याहून नेमके सांगता आले नसते.

खरी चर्चा झाली ती हिंगाची. बाजारात डबीत मिळणारा हिंग बहुधा शुद्ध नसतो. मूळ खडा इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधला जातो, आणि ते पीठ कधी तांदळाचे, तर कधी गव्हाचे किंवा मैद्याचे असते. वरण, डाळभाजी, मठ्ठा, पिठले, सगळ्यांच्या फोडणीत हिंग असतो. प्रमाण चिमटीएवढे, पण माझ्यासारख्याला ते मोजावे लागते. मावशींनी डबी आणून दाखवली. पाकीटबंद अन्नावर गव्हासारख्या ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख करणे बंधनकारक असल्याने घटकांत गव्हाचे पीठ असल्याचे डबीवर छापलेलेच होते. तेव्हापासून माझ्या ताटातल्या पदार्थांना हिंगाविना फोडणी मिळते : तेल, मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, वाळलेली लाल मिरची. कोणाला हे जास्तीचे काम वाटेल, पण डाळभाजीला वरून लसणाची फोडणी देण्याची रीत आपल्याकडे आहेच. घालायच्या वस्तूंतली एक कमी करायची, एवढेच. ही सवलत मात्र गर्दीपूर्वी पोहोचणाऱ्यालाच मिळते. एकदा मोठ्या पातेल्यात फोडणी पडली की उपाय नाही.

आता चवीविषयी. डाळभाजी हा इथला सर्वांत चांगला पदार्थ आहे. तूरडाळ आणि पालक एकजीव शिजवलेले, मधूनमधून दाताखाली येणारे शेंगदाणे, आंबटपणा बेताचा. वांग्याचे भरीत चुलीच्या आरात भाजलेल्या वांग्यांचे असल्याने त्याला धुराचा वास आहे, आणि ते वाटून लगदा केलेले नसून हाताने कुस्करलेले असते. हिवाळ्यात पातीचा कांदा घालतात तेव्हा ते विशेष जमते. झुणक्याबद्दल मात्र माझे मत तितकेसे चांगले नाही. तो फार कोरडा असतो आणि तो कोरडेपणा झाकण्यासाठी तेल सढळ हाताने सोडलेले असते. बेसन घरच्या गिरणीचे असल्यामुळे मी तो खातो, एवढेच. ठेचा हिरव्या मिरचीचा, खलबत्त्यात कुटलेला. सोबत कांदा आणि लिंबू न मागता येतात. भात साधाच, पण वरण-भातावर लिंबू पिळून भाकरीनंतर जेवण संपवता येते, यालाही पथ्याच्या माणसाच्या लेखी किंमत असते. बाहेर जेवताना आपल्या ताटात नेहमी काहीतरी कमी असते. इथे वाढणारा ‘अजून घ्या नं’ म्हणतो आणि आपल्याला ‘हो’ म्हणता येते.

सावजी रस्सा मी इथे घेत नाही. मटणाचा रस्सा बुधवारी आणि रविवारी असतो, त्याचा वास पडवीपर्यंत येतो, शेजारच्या टेबलावरची तर्री पाहून मन चळते. पण इथला मसाला नागपूरहून सुटा, पाकिटाविना येतो आणि त्यात काय काय आहे हे मालकांनाही खात्रीने सांगता येत नाही. रस्सा दाट करायला ज्वारीचे पीठ लावतो, असे ते म्हणतात, आणि त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. सुट्या मसाल्यावर मात्र विश्वास ठेवता येत नाही. तळणाचेही तेच : आलूबोंडे आणि भजी बेसनाची असली, तरी ज्या कढईत ती तळतात तिच्यातच सकाळी समोसे निघालेले असतात, आणि तेल कितीही तापले तरी ग्लुटेन जळून नाहीसे होत नाही. पापड आणि गोडाच्या वाटेला जाऊ नये. गोड म्हणून बहुधा शिरा असतो.

उपवासाच्या दिवसांचा वेगळा उल्लेख करायला हवा. कळंबला चिंतामणीचे देवस्थान असल्यामुळे चतुर्थीला या रस्त्यावर भाविकांची गर्दी असते, आणि त्या दिवशी इथे साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळते. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातही ग्लुटेन नसते, आमटीत हिंग पडत नाही, आणि मुख्य म्हणजे उपवासाची भांडी वेगळी ठेवण्याबद्दल कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. आजाराचे नाव सांगून जी काळजी घेतली जात नाही, ती ‘उपास आहे’ म्हटल्याबरोबर घेतली जाते. खोटा उपवास सांगावा, असे मी सुचवत नाही. पण ज्या गावात दुसरे काहीच विश्वासाचे नाही, तिथे उपवासाचे पदार्थ मागवणे हा माझा जुना मार्ग आहे. गर्दीमुळे साबुदाणा वडा त्या दिवशीही समोशांच्याच कढईत तळला जातो, त्यामुळे खिचडीवर थांबावे.

या ठिकाणाचे दोष सांगितले नाहीत तर वाचणाऱ्याची फसगत होईल. सगळी व्यवस्था एका बाईंच्या शिस्तीवर उभी आहे. मावशी गावाला गेल्या किंवा लग्नसराईत स्वयंपाकाच्या कामाला गेल्या, की चुलीवर दुसरी बाई बसते आणि काठवटीत काय मळले जाईल याची हमी राहत नाही. अशा दिवशी मी जेवत नाही, चहा पिऊन निघतो. रात्री चूल विझलेली असते आणि उरलेल्या भाकरी पोळ्यांच्याच टोपल्यात जातात, म्हणून रात्रीचे जेवण वर्ज्य. दुपारी एकनंतर वाढणारी मुले एका हातात पोळ्या आणि दुसऱ्या हातात भाजीचा डाव घेऊन फिरतात. पोळीला लागलेला डाव पुन्हा भाजीत जातो. मी माझ्या वाट्या आधीच भरून घेतो आणि नंतरचे वाढप घेत नाही. हे प्रत्येकाला जमेल असे नाही, विशेषतः लहान मूल सोबत असेल तर.

तुलनेसाठी सांगायचे, तर एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात मेनूकार्डवर ‘ग्लुटेन-फ्री’ असे स्वतंत्र पान होते आणि दर इथल्या कितीतरी पट होता. स्वयंपाकघरात विचारणा केल्यावर कळले की ती रोटी नेहमीच्याच ओट्यावर, नेहमीच्याच लाटण्याने लाटली जाते. 2020च्या लेबलिंग नियमांनुसार मेनूवर ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना लागू आहे. त्या हॉटेलाला ते लागू नव्हते आणि देवळी-कळंब रस्त्यावरच्या टिनाच्या छपराला तर नाहीच नाही. छापील पानापेक्षा मला पडवीतली वेगळी चूल अधिक भरवशाची वाटते.

भाकरीची थाळी 120 रुपयांना आहे, जास्तीची भाकर 20 रुपये. साडेअकराच्या सुमारास पोहोचावे, आधी मागे जाऊन चुलीवर कोण आहे ते पाहावे, हिंगाचे फोडणीआधी सांगावे आणि मगच टेबल धरावे. पैसे रोखच न्यावेत. मोबाइलला तिथे रेंज क्वचितच मिळते.