लाकडात चेहरे कापण्यासाठी स्क्रोल सॉ: वापरानंतरचा अनुभव

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली हलवत लाकूड कापणारं मशीन. ते घेण्याआधी मी जे जे वाचलं, त्यात मोटर किती वॉटची, टेबल किती अंशांत झुकतं, लाकूड किती जाड कापतं, यावरच सगळा भर होता. तुम्हाला चेहरे कापायचे असतील तर यातलं फारसं काही उपयोगाचं नाही. टेबल झुकवायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही आणि जाडीचा प्रश्नच येत नाही, कारण चेहरा फार तर दोन सूत प्लायमध्ये कापायचा असतो. तुमचं काम अडतं ते एकाच गोष्टीवर: पातं सोडवून पुन्हा अडकवायला किती वेळ लागतो.

चेहऱ्यात जो भाग काळा दिसायला हवा तो आपण कापून काढतो. मागे काळं कापड लावलं की तिथे सावली दिसते आणि शिल्लक राहिलेलं लाकूड म्हणजे उजेड. या मधल्या सावल्यांपर्यंत कडेने कापत जाता येत नाही. म्हणून प्रत्येक सावलीत बारीक भोक पाडायचं, वरचा चिमटा सैल करायचा, पातं भोकातून ओवायचं, चिमटा आवळायचा, ताण द्यायचा आणि मग कापायचं. तो तुकडा निघाला की हेच सगळं पुढच्या भोकाला. साध्या चेहऱ्यातही अशी पन्नास-साठ भोकं सहज होतात, दाढी-मिशा असल्या तर शंभराच्या वर जातात. एका ओवण्याला दोन मिनिटं लागणारं मशीन आणि वीस सेकंद लागणारं मशीन यांत किती फरक पडतो, ते तुम्हीच काढा.

माझं मशीन सोळा इंची आहे, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत साधारण चाळीस सेंटीमीटर जागा मिळते. वेग मिनिटाला ४०० ते १६०० फटके, बटणाने कमी-जास्त होतो. डोळे कापताना मी तो अगदी खाली ठेवते. पाती दोन तऱ्हेची येतात. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसरं साधं सपाट टोकाचं. पिनवालं लावायला सोपं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतात. पण पिन आत जायची तर भोक मोठं पाडावं लागतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तेवढं भोक पडलं की डोळा गेलाच. साध्या टोकाच्या पात्याला एक मिलिमीटरचं भोक पुरतं. फक्त पिनवालीच पाती घेणारं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी या कामासाठी घेऊ नका.

तक्रार एकच, पण मोठी. वरच्या चिमट्याच्या स्क्रूचे आटे काही महिन्यांतच झिजले आणि पातं निसटायला लागलं. विकणाऱ्याने सुटा भाग पाठवला नाही, नुसते ईमेलच येत राहिले. शेवटी इथल्याच एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या दादांनी चांगल्या पोलादाचा स्क्रू करून दिला, डोकं जरा मोठं आणि खरबरीत ठेवून, म्हणजे बोटांनीच घट्ट होतो, पाना लागत नाही. मूळ स्क्रूपेक्षा तो कितीतरी सरस आहे. नवीन मशीन घेणाऱ्यांनी हा स्क्रू आधीच करून घ्यावा.

पात्यांबद्दल. साताऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत ही मिळत नाहीत, ऑनलाइन डझनाने मागवावी लागतात. चेहऱ्याच्या कडांसाठी मी एक नंबर किंवा तीन नंबरचं सपाट पातं वापरते. केस आणि दाढीसाठी पिळाचं पातं. त्याला सगळीकडून दात असतात, त्यामुळे लाकूड फिरवावं लागत नाही, हवं त्या दिशेला सरकवलं की कापतं. मोठी फळी खांबाला आपटते तिथे तर त्याला पर्यायच नाही. पण ते रेषेला इमान राखत नाही, रेषा लाकडाच्या तंतूंच्या दिशेला ओढली जाते, आणि मागच्या बाजूला कूस खूप उठते. ओठ आणि नाकपुडीला पिळाचं पातं लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ताण बरोबर आहे का ते बोटाने छेडून कळतं: स्वच्छ, उंच स्वर आला तर ठीक, नुसतं थडथडलं तर अजून आवळा. अर्ध्या-पाऊण तासाच्या कापण्यानंतर धार जाते. मग लाकूड जोर लावून ढकलत बसण्यापेक्षा पातं सरळ बदलावं.

आता ज्यासाठी हे मशीन घेतलं त्याबद्दल. फोटो संगणकावर जिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा (फुकट आहे), रंग काढायचे आणि थ्रेशोल्ड लावून नुसता काळा-पांढरा करायचा. इथपर्यंत कुणालाही जमतं, पण या चित्रावरून सरळ कापायला घेतलं तर चेहरा टेबलाखाली गळून पडतो. काळ्याने चारी बाजूंनी वेढलेला पांढरा भाग कशालाच जोडलेला नसतो. त्याला पूल, म्हणजे बाकीच्या लाकडाशी जोडणारी बारीक पट्टी, द्यावा लागतो, आणि पूल कुठे द्यायचा यावरच चेहरा त्या माणसाचा राहतो की नाही ते ठरतं.

चष्मा घ्या. काळ्या फ्रेमचा गोल पूर्ण कापला तर काच, आतला डोळा, भुवईचा खालचा भाग, सगळं एकत्र निघून येतं. म्हणून फ्रेम दोन-तीन ठिकाणी तोडायची, पण कुठेही नाही: फोटोत फ्रेमवर जिथे चकाकी पडली आहे, तिथेच. बघणाऱ्याला तो प्रकाश वाटतो. बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्याचंही तेच. तो मोहरीएवढा असतो, पण तो गेला की नजर मरते. त्याला वरच्या पापणीपासून केसाएवढा पूल काढून लटकवायचा आणि हे काम सगळ्यात आधी करायचं, फळी अजून अख्खी आणि भक्कम असताना. डोळे, नाक, ओठ, मग केस, आणि बाहेरच्या मोठ्या सावल्या सर्वांत शेवटी. मोठी भोकं आधी पाडली की फळी पात्याबरोबर थरथरते आणि पूल तुटतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा चेहरा मी २२ सप्टेंबरच्या जयंतीसाठी त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या एका शाळेला करून दिला. १९१९ साली सुरू झालेली ही संस्था साताऱ्यात घराघरात पोचलेली आहे, त्यामुळे इथल्या माणसाला तो चेहरा जरासाही चुकलेला चालत नाही. त्यांची दाढी पांढरी. थ्रेशोल्ड लावला की तिथे नुसता कोरा लाकडाचा पट्टा उरतो, दाढी दिसतच नाही. तेव्हा मागची पार्श्वभूमी काळी घेतली, म्हणजे कापून काढली, आणि दाढीत वरून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या सावल्यांच्या बटा स्वतः काढल्या. प्रत्येक बटेचं भोक तिच्या सर्वांत रुंद जागी पाडायचं, टोकाशी कधीच नाही, म्हणजे कापल्यावर भोकाची गोलाई दिसत नाही. दाढीच्या टोकाकडे तिला खालच्या चौकटीशी जोडणारे दोन पूल वस्त्राच्या घड्यांत लपवले.

खाशाबा जाधवांच्या वेळी अडचण नेमकी उलटी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले कांस्यपदक विजेते, फोटोत तरुण आणि केस काळेभोर. सगळे केस कापून काढले तर कपाळाला वरून आधार उरत नाही. इथे केसांवरची चमक कामाला आली. तिच्या तीन-चार वळणदार रेषा लाकडात राखल्या, त्यांनीच कपाळ धरून ठेवलं.

लाकूड. आपल्याकडच्या वखारीत मिळणाऱ्या कमर्शियल प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या पुलाखाली पोकळी आली की पूल हातात येतो. मरीन प्लाय त्या मानाने भरीव असतो, पण त्याचा गोंद पातं लवकर बोथट करतो. एमडीएफ कापायला लोण्यासारखा, मात्र त्याची धूळ फार बारीक, मास्कशिवाय अजिबात कापू नका, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तो फुगतो. सागवान दिसतं सुंदर, पण बारीक पूल लाकडाच्या तंतूंना आडवा आला की टिकत नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तिथे तो टिकतो. माझी पसंती बर्चच्या प्लायला. महाग पडतो, पण चेहऱ्यासाठी दुसरं काही नको.

तयार चित्राचा कागदी नमुना चिकटवण्याआधी फळीवर पॅकिंगची पारदर्शक टेप लावा. लाकूड जळत नाही आणि नंतर कागद टेपसकट निघतो. टेबलाचं पात्याभोवतीचं भोक मोठं असतं, त्यावर पातळ प्लायचा तुकडा ठेवून त्यात पात्यापुरतीच जागा करा, म्हणजे बारीक पुलांना खालून आधार मिळतो. पावसात बिडाच्या टेबलावर दोन दिवसांत गंज चढतो. काम संपलं की मेण घासून ठेवायचं. शेवटचा हात मी जवसाच्या तेलाचा देते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

तर मशीन घ्यावं का? स्क्रू बदलायची तयारी असेल तर जरूर घ्या. शिवाय एक पायाचा स्विच जोडून घ्या, मशीन चालू-बंद करताना दोन्ही हात मोकळे राहतात. साताऱ्यात कुणाला चालवून बघूनच ठरवायचं असेल तर रविवारी सकाळी मी कापायलाच बसलेली असते. येताना घरातल्या कुणाचा तरी एका बाजूने उजेड पडलेला फोटो घेऊन या. समोरून फ्लॅश मारलेला नको, त्यात सावल्याच नसतात.