किरकोळ धडक बसली: क्लेम करावा, जागेवर मिटवावं की खिशातून भागवावं?

सिग्नलला मागून कोणी ठोकलं, गर्दीत रिक्षा दाराला घासून गेली, वळताना बंपर दुभाजकावर आदळला. अशा वेळी चार वाटा असतात: समोरच्याशी रोख व्यवहार करून मिटवणं, त्याच्या विम्यातून भरपाई मागणं, स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करणं, किंवा खिशातून दुरुस्ती. बरेच जण मागून हॉर्न वाजत असताना रस्त्यातच यातली एक वाट धरतात आणि नुकसानीत जातात. रस्त्यावर फक्त माणसं सांभाळायची आणि पुरावा गोळा करायचा. हिशेब गॅरेजचं एस्टिमेट हातात आल्यावर करायचा.

आधी रस्त्यावरचं

कोणाला लागलंय का ते पहिलं बघा. लागलं असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. हॅझर्ड लाइट लावा आणि गाडी हलवण्याआधी फोटो काढा: दोन्ही नंबरप्लेट एकाच फोटोत येतील असा एक, दोन्ही गाड्यांच्या चारही बाजू, रस्त्यावर पडलेल्या काचा आणि जागा ओळखू येईल असा एखादा दुकानाचा फलक. मग गाडी कडेला घ्या. समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचेही फोटो घ्या.

निघण्यापूर्वी खाली वाकून बघा. पुढून धडक बसली असेल तर बंपर वरून धड दिसतो, पण त्यामागचा एसीचा कंडेन्सर किंवा इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर फुटलेला असू शकतो. रंगीत कूलंट टपकत असेल तर गाडी सुरू करू नका, टोचन करून न्या. पॉलिसीत स्पष्ट अट असते की दुरुस्तीआधी गाडी चालवल्यामुळे वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. कूलंटविना चालवून इंजिनमधलं हेड गॅस्केट (सील) गेलं तर त्याचा खर्च कंपनी देत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ फक्त जखमींपुरतं नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी ते लागू होतं. जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची.

जागेवर रोख

दोन्ही गाड्यांवर नुसते ओरखडे आहेत, कोणाला काही झालेलं नाही आणि चूक कोणाची यावर वाद नाही, तर ही सर्वांत सुटसुटीत वाट. पैसे यूपीआयने द्या-घ्या, म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि कोणाला इजा नाही हे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पण दुचाकीस्वार पडला असेल, तर "दोन हजार द्या आणि जा" यावर विसंबू नका. मनगटातलं बारीक फ्रॅक्चर संध्याकाळी सुजतं, आणि तुमची ठाण्यात नोंद नसेल तर तुम्ही पळून गेलात असा अर्थ निघतो. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करणं किंवा भरपाईचं आश्वासन देणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही. उलट, चूक समोरच्याची असताना थोडे पैसे घेऊन "आता काही मागणं नाही" असं लिहून दिलंत, तर तुमच्या कंपनीचा त्याच्याकडून वसुलीचा हक्क बुडतो आणि तुमचा क्लेम अडू शकतो.

समोरच्याचा विमा

त्याच्याकडे नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असला तरी तुमच्या गाडीचं नुकसान त्यात येतं, मालमत्तेसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. हे अनेकांना माहीत नसतं. अडचण वेगळीच आहे: वाद झाला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते, पोलिसांचे कागद लागतात आणि अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. बंपरसाठी हा खटाटोप परवडत नाही.

खरी निवड: आपला क्लेम की आपला खिसा

क्लेमची खरी किंमत नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीत असते. हा बोनस ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळतो आणि २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढाई.

समजा सवलतीआधीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० आहे आणि सध्या ३५ टक्के बोनस चालू आहे. क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी ४५ आणि मग ५० टक्के. केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक पहिल्या वर्षी ४५ टक्के, मग ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२० टक्के, म्हणजे १४,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल.

आता बिल बघू. गाडी चौथ्या वर्षात आहे. नवा बंपर ६,०००, दोन पॅनेलचं पेंटिंग ८,०००, मजुरी २,०००, एकूण १६,०००. प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,००० कापले. पेंटिंगच्या बिलातला २५ टक्के भाग रंगसाहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,०००. सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची रक्कम) १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००; इथे १,००० धरू. हातात पडले ११,०००, गेले १४,४००च्या आसपास. इथे खिशातून भरणंच शहाणपणाचं.

झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असेल तर १५,००० मिळतील आणि हिशेब जेमतेम बरोबरीत येईल. पण अशा पॉलिसीत वर्षाला किती क्लेम चालतील यावर बहुधा मर्यादा असते. नुसत्या बंपरसाठी त्यातला एक खर्ची घालू नका.

गाडी नवी आणि बोनस अजून शून्यावर असेल तर चित्र पालटतं. त्या वेळी एका क्लेमचा पाच वर्षांतला एकूण तोटा सवलतीआधीच्या हप्त्याच्या साधारण निम्माच असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी तेच १६,००० चं काम क्लेममध्ये करणं फायद्याचं. बोनस संरक्षणाचं (क्लेमनंतरही बोनस टिकवणारं) कव्हर घेतलं असेल तरी क्लेमच करा.

हेडलॅम्प, कंडेन्सर, सेन्सर किंवा पुढचा रडार यांना धक्का लागला असेल तर गणित मांडत बसू नका, क्लेम करा. हेडलॅम्प बसवायचा एक कान तुटला तरी बहुतेकदा अख्खा दिवा बदलावा लागतो, आणि रडार नव्याने कॅलिब्रेट केल्याशिवाय आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही.

क्लेम करायचा ठरल्यास

कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशीर हे क्लेम अडण्याचं नेहमीचं कारण. सर्व्हे (कंपनीच्या माणसाकडून नुकसानीची पाहणी) होईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी उघडू देऊ नका. उघडल्यावर आतलं आणखी काही तुटलेलं निघालं तर पुरवणी एस्टिमेट मंजूर करून घेऊनच पार्ट बदला. मागच्या दारावरची जुनी पोच याच क्लेममध्ये घुसवू नका: धडकेची दिशा जुळत नाही हे सर्व्हेअरच्या लगेच लक्षात येतं, आणि मग खऱ्या नुकसानीवरही शंका घेतली जाते.

कळवल्यानंतर एस्टिमेट पाहून क्लेम नको वाटला, तर पैसे न घेता तो मागे घेता येतो. मात्र तो रक्कम न देता बंद झाल्याचा ईमेल मागून घ्या. तसं केलं नाही तर नूतनीकरणाच्या वेळी क्लेम उघडाच दिसतो आणि न घेतलेल्या पैशांपायी बोनस अडकतो.